अटीसह होकार

सिनेटमध्ये एखाद्या उमेदवाराला पाठिंबा देताना जी भाषणे होतात ती वाङ्मय म्हणून कुणी वाचत नाही, आणि त्यात वाचकाचे काही बिघडत नाही. ती बहुतेक मानपत्राच्या भाषेत असतात. उमेदवार विद्वान असतो, त्याची सचोटी वादातीत असते, कुटुंबीय पाहुण्यांच्या रांगेत कौतुकाने बसलेले असतात. मोजणी होते आणि सगळे जेवायला जातात. पण असा एक पाठिंबा आहे की जो जाणकाराने सावकाश, ओळ धरून वाचावा. मे १९७३मध्ये एलियट रिचर्डसन यांना अमेरिकेचे ॲटर्नी जनरल, म्हणजे तिथल्या न्याय खात्याचे प्रमुख, म्हणून सिनेटने संमती दिली. मते पडली ८२ विरुद्ध ३. आकडा एकतर्फी आहे. आत किती घासाघीस झाली होती याचा त्यावरून पत्ता लागत नाही.

आपल्याकडे राज्यघटनेच्या ७६व्या कलमाखाली राष्ट्रपती महान्यायवादी नेमतात. संसदेपुढे त्यांची उलटतपासणी होत नाही, आणि ते मंत्री नसल्यामुळे कुठले खातेही चालवत नाहीत. अमेरिकेतला ॲटर्नी जनरल मंत्रिमंडळात बसतो. त्याला राष्ट्राध्यक्ष नेमतो, राष्ट्राध्यक्षच काढू शकतो, आणि प्रसंग आला तर त्याच राष्ट्राध्यक्षाच्या माणसांवर खटले भरण्याचे काम त्याच्याच खात्याकडे येते. ही अडचण व्यवस्थेतच मुरलेली आहे. एरवी ती झाकलेली राहते. १९७३च्या उन्हाळ्यात ती पार उघडी पडली.

न्याय खात्याची अब्रू तेव्हा कुठे होती ते आधी पाहू. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे पहिले ॲटर्नी जनरल जॉन मिचेल खाते सोडून निवडणूक मोहीम सांभाळायला गेले होते आणि वॉटरगेटच्या, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतल्या घरफोडीच्या प्रकरणाच्या, चिखलात रुतत चालले होते. पुढे ते तुरुंगातही गेले. त्यांच्या जागी आलेल्या रिचर्ड क्लाइनडीन्स्ट यांना १९७२मध्ये सिनेटच्या न्यायविषयक समितीने आयटीटी कंपनीवरच्या खटल्याबद्दल विचारले होते, आणि व्हाइट हाउसकडून दबाव आला नसल्याचे त्यांनी सांगितले होते. ते खरे नव्हते. त्याबद्दल १९७४मध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. १९७३च्या वसंतात एफबीआयच्या प्रमुखपदासाठी आलेल्या पॅट्रिक ग्रे यांनी सुनावणीत सांगून टाकले की वॉटरगेटच्या तपासाची कागदपत्रे आपण व्हाइट हाउसचे वकील जॉन डीन यांना पुरवत होतो. ग्रे यांचे नाव मागे घ्यावे लागले. म्हणजे रिचर्डसन समितीपुढे येऊन बसले तेव्हा समोरच्या सिनेटरांना नुसत्या 'विश्वास ठेवा'ची चव चांगलीच ठाऊक झाली होती.

३० एप्रिलच्या रात्री निक्सन दूरचित्रवाणीवर आले. आपले निकटचे सहायक हाल्डमन व एर्लिकमन आणि क्लाइनडीन्स्ट जात असल्याचे त्यांनी जाहीर केले, डीन यांना काढले, आणि संरक्षणमंत्री रिचर्डसन यांना न्याय खात्यासाठी पुढे केले. वॉटरगेटच्या तपासाचे सगळे अधिकार त्यांना दिले आहेत, हवा तर ते विशेष सरकारी वकीलही नेमू शकतील, असेही सांगितले. उमेदवार निवडण्यात निक्सन यांचा डाव अचूक होता. बॉस्टनच्या जुन्या घराण्यातला माणूस, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेला सैनिक, हार्वर्डचा कायदेपंडित, लर्नेड हँड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर अशा दोन थोर न्यायाधीशांच्या हाताखाली उमेदवारी केलेला. बोलणे संथ आणि वळणावळणाचे. बैठकीत समोरच्या कागदावर तासन्‌तास नक्षी काढत बसायची त्यांची सवय प्रसिद्ध होती. अशा माणसाला नाही म्हणणार कोण?

कुणी नाही म्हणणारच नव्हते. या सुनावणीचा सगळा रस इथूनच सुरू होतो.

सोयरीक ठरल्यावर आपल्याकडे याद्या करायला बसतात. मुलगी पसंत असते, मुलगा पसंत असतो, मोडायचे कुणाच्याच मनात नसते, तरीही दोन तास कागदावर कलमे चढत राहतात. कारण उद्या मांडवात कुणी तोंड फिरवले तर दाखवायला कागद हवा. ९ मेपासून न्यायविषयक समितीत चालले ते हेच. बहुमत डेमोक्रॅटांचे होते, अध्यक्षस्थानी मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड होते, आणि एडवर्ड केनेडी, रॉबर्ट बर्ड यांच्यासारखे सदस्य एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते: विशेष वकील नेमाल हो, पण त्याच्यावर हुकूम कुणाचा चालेल?

रिचर्डसन यांचे पहिले उत्तर कायद्याला धरून होते. खात्याची अंतिम जबाबदारी कायद्याने ॲटर्नी जनरलवर आहे. ती मी दुसऱ्याच्या गळ्यात कशी बांधू? युक्तिवाद खोटा नव्हता. सिनेटरांनी तो खोडलाही नाही, ते फक्त जागचे हलले नाहीत. दरम्यान बाहेर वेगळीच पंचाईत झाली. ज्यांना ज्यांना या कामासाठी विचारले त्यांतल्या काहींनी नकार दिला. वॉरन ख्रिस्तोफर यांना पुरेसे स्वातंत्र्य मिळेल असे वाटले नाही. शेवटी रिचर्डसन आपल्या हार्वर्डच्या प्राध्यापकांकडे गेले. हे प्राध्यापक आर्चिबाल्ड कॉक्स राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या काळात सॉलिसिटर जनरल होते. गुरू वाटाघाटीला बसल्यावर शिष्याला आणखी थोडे सरकावे लागले. २१ मे रोजी दोघे समितीपुढे शेजारी शेजारी बसले. माग ओव्हल ऑफिसपर्यंत गेला तर काय, असे बर्ड यांनी कॉक्स यांना विचारले. माग जिथे नेईल तिथे जाईन, एवढ्याच अर्थाचे उत्तर आले. संपूर्ण सुनावणीतले हे मला सर्वांत आवडणारे वाक्य. त्यात विशेषण नाही आणि आवेशही नाही.

या घासाघिशीतून जो मसुदा निघाला तो पाठिंब्याचा खरा गाभा आहे. वरवर पाहता तो एक सरकारी नियम आहे, दोन पाने भरतील एवढा. लिहिणारे हात अनेक: रिचर्डसन, त्यांचे सहायक, कॉक्स, आणि न लिहिता लिहिणारे सिनेटर. शाळेत कवितेचे रसग्रहण करताना गुरुजी विचारायचे, कवीने हाच शब्द का योजला? तोच प्रश्न इथेही लावून पाहावा.

मध्यवर्ती वाक्य दुपाखी आहे. विशेष वकिलाला जास्तीत जास्त स्वातंत्र्य असेल, असे पहिला पंख म्हणतो. ॲटर्नी जनरलच्या कायदेशीर जबाबदारीशी सुसंगत असेल तितके, असे दुसरा. रिचर्डसन यांचा मूळ आग्रह इथे मान राखून बसवला आहे. एवढ्यावर मसुदा थांबला असता तर तो नेहमीचा सरकारी खात्याचा कागद ठरला असता, कारण 'सुसंगत' या शब्दात उद्या काहीही बसवता येते. पण लगेच पुढचे वाक्य येते आणि ते साधे, सपाट आहे: ॲटर्नी जनरल विशेष वकिलाचे निर्णय फिरवणार नाही, त्याच्या कामात ढवळाढवळ करणार नाही. आधीच्या वाक्याने जे सैल सोडले ते या वाक्याने आवळून बांधले. आपण ॲटर्नी जनरलला काय कळवायचे, किती कळवायचे, सल्ला घ्यायचा की नाही, हेही विशेष वकीलच ठरवणार होता. काम पूर्ण झाले हे ठरवायचे तेही त्यानेच. वरिष्ठाने स्वतःचे हात स्वतः बांधून घेतल्याची इतकी तपशीलवार नोंद सरकारी दप्तरात क्वचितच सापडेल.

मग येते ते प्रसिद्ध कलम. विशेष वकिलाला दूर करता येईल ते फक्त त्याच्या स्वतःच्या असाधारण गैरवर्तनासाठी. 'गैरवर्तन' पुरले नाही, त्याच्यापुढे 'असाधारण' बसवले. शिवाय 'स्वतःच्या' हे मुद्दाम घातले आहे. परिस्थिती बिकट झाली, राष्ट्राध्यक्ष रागावले, परराष्ट्र धोरणाला बाधा आली, यातले काहीच त्या शब्दांत बसत नाही. दोष त्या माणसाच्या वागण्यातच सापडला पाहिजे. वाचताना हा तपशील निसटतो, पण पाच महिन्यांनी सगळा भार याच शब्दांवर पडला.

माझ्या दृष्टीने मसुद्यातली सर्वांत देखणी जागा मात्र दुसरीच आहे. अधिकारांच्या यादीत, ग्रँड ज्युरी चालवणे आणि पुरावे तपासणे यांच्या सोबतीने, एक अधिकार सहज नोंदला आहे: राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने गोपनीयतेचा विशेषाधिकार पुढे केला गेला तर त्याला आव्हान देण्याचा. तारीख लक्षात घ्या. मे महिना आहे. निक्सन आपल्याच दालनातली संभाषणे टेपवर उतरवत आहेत हे सिनेटरांपैकी कुणालाही ठाऊक नाही. अलेक्झांडर बटरफील्ड ते सांगणार आहेत १६ जुलैला. कॉक्स नऊ टेपसाठी हुकूम काढणार आहेत त्यानंतर आठवड्याभरात. त्या लढाईत लागणारे हत्यार, लढाई कुणाला माहीत नसताना, यादीत गपचूप ठेवले गेले होते. नाटककाराने पहिल्या अंकात असे काही ठेवले तर आपण त्याच्या कारागिरीला दाद देतो. इथे नाटककार कुणीच नव्हता. होता तो शंका घेण्याची चांगली सवय असलेल्या वकिलांचा जमाव.

२३ मे रोजी मतदान झाले. २५ला शपथविधी.

ऑक्टोबरमधला शनिवार सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्याची कथा मी थोडक्यात उरकतो. १२ ऑक्टोबरला अपील न्यायालयाने टेप द्याव्या लागतील असे सांगितले. निक्सन यांनी तोड काढली: गोषवारा व्हाइट हाउस तयार करील, ज्येष्ठ सिनेटर जॉन स्टेनिस टेप ऐकून तो बरोबर असल्याची खात्री देतील, आणि कॉक्स यांनी पुढे काही मागायचे नाही. कॉक्स यांनी २० ऑक्टोबरला दुपारी पत्रकारांपुढे बसून, वर्गात शिकवल्यासारख्या शांतपणे, नकार समजावून सांगितला. त्यानंतर रिचर्डसन यांना हुकूम आला: काढा त्यांना.

इथे रिचर्डसन यांची मूर्ती घडवण्याचा मोह आवरला पाहिजे. त्या आठवड्यात ते पहाडासारखे उभे वगैरे नव्हते. स्टेनिस यांच्या तोडीत त्यांचाही हात होता. ती लेखी प्रस्ताव म्हणून कॉक्स यांच्याकडे नेणारे तेच. मधला मार्ग शोधणे हा त्यांचा स्वभाव होता आणि बहुधा त्यांनी आणखी एखादा शोधला असता. पण खिशात ती सनद, म्हणजे मे महिन्यातला तो मसुदा, होती. कॉक्स यांचे असाधारण गैरवर्तन कोणते? त्यांनी न्यायालयाचा निकाल मानला, एवढेच. सनदेत ते बसत नव्हते आणि बसवायला जागाही ठेवलेली नव्हती. निक्सन यांची त्या दिवशीची भेट रिचर्डसन यांनीच पुढे सांगितली आहे. मध्यपूर्वेत युद्ध पेटलेले होते, सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह काय म्हणतील याची काळजी राष्ट्राध्यक्षांनी बोलून दाखवली, आणि व्यक्तिगत वचन सार्वजनिक हिताच्या वर ठेवता आहात असा ठपका ठेवला. सार्वजनिक हित कशात आहे याबद्दल आपल्या दोघांची समजूत वेगळी आहे, असे रिचर्डसन यांनी उत्तर दिले. त्यांचे राजीनाम्याचे पत्रही या बाबतीत नमुनेदार आहे. संताप नाही, सदसद्विवेकबुद्धीची दवंडी नाही. नेमणुकीच्या वेळी मी सिनेटला अमुक सांगितले होते, तेव्हा तमुक मला करता येत नाही, एवढाच मजकूर.

मराठी वाचकाला इथे रामशास्त्री आठवल्याखेरीज राहणार नाहीत. योगायोगाने सालही बरोबर दोनशे वर्षे मागचे, १७७३. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून शास्त्री पद सोडून निघून गेले, अशी परंपरेची कथा. पण फरक मोठा आहे आणि तोच इथे कामाचा आहे. शास्त्रीबुवांनी आधी कुणाला शब्द दिलेला नव्हता. त्यांच्यामागे फक्त त्यांचे शास्त्र आणि त्यांची छाती होती. रिचर्डसन यांच्याकडे एवढी छाती होती की नाही हे कधी कळणार नाही, कारण तिची पाळीच आली नाही. मे महिन्यात ज्यांनी त्यांना होकार देतानाही पुरता विश्वास टाकला नव्हता, त्यांनी त्यांचे काम सोपे करून ठेवले होते.

हे पटत नसेल तर त्याच संध्याकाळच्या उरलेल्या दोन माणसांकडे पाहावे. उप-ॲटर्नी जनरल विल्यम रकल्सहाउस यांनीही हुकूम नाकारला. आपल्या संमतीच्या वेळी त्यांनीही सिनेटला तसाच शब्द दिलेला होता. तिसरे सॉलिसिटर जनरल रॉबर्ट बोर्क. त्यांनी कॉक्स यांना काढले. बोर्क यांना दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते वाचन आळशी होईल. राष्ट्राध्यक्षाला आपल्या शाखेतल्या अधिकाऱ्याला काढता येते असे त्यांचे प्रामाणिक कायदेशीर मत होते, तुम्ही तरी राजीनामा देऊ नका, खाते निर्नायकी होईल, असे रिचर्डसन आणि रकल्सहाउस यांनीच त्यांना सांगितले होते, आणि मुख्य म्हणजे त्यांनी सिनेटला असे काही कबूल केलेले नव्हते. एका संध्याकाळी, एकाच इमारतीत, शिक्षण आणि पक्ष सारखे असलेली तीन माणसे. दोघांकडून शब्द घेतलेला, एकाकडून राहून गेलेला. यापेक्षा स्वच्छ प्रयोग प्रयोगशाळेतही जमला नसता.

कलाकृतीतला दोषही इथेच दिसतो, आणि रसिकाने तो झाकू नये. सनद माणसाला बांधत होती, खुर्चीला पुरेशी बांधत नव्हती. रिचर्डसन गेले तसा त्यांचा शब्द त्यांच्याबरोबर दाराबाहेर गेला. निक्सन स्वतः तर त्या करारात नव्हतेच. दूरचित्रवाणीवरच्या एका भाषणाखेरीज त्यांच्याकडून सिनेटने काही लिहून घेतले नाही. असाधारण गैरवर्तन झाले की नाही हे ठरवायचे कुणी, याबद्दलही मसुदा गप्प आहे. एवढ्या चोख वकिलांनी ही जागा मोकळी का सोडली? मला वाटते, समोर बसलेल्या सज्जनाची पारख करता करता त्याच्या मागच्या माणसाचा त्यांना क्षणभर विसर पडला.

तरीही कागद अगदी वाया गेला नव्हता. सनद सरकारी राजपत्रात नियम म्हणून प्रसिद्ध झाली होती. बोर्क यांनी माणूस आधी काढला आणि पद व नियम नंतर, २३ ऑक्टोबरला, रद्द केले. क्रम चुकला. १४ नोव्हेंबरला न्यायाधीश गेर्हार्ड गेझेल यांनी, नियम अंमलात असताना केलेली ही बडतर्फी बेकायदा असल्याचा निकाल दिला. तोपर्यंत संतापलेल्या नागरिकांच्या तारांचा पूर येऊन व्हाइट हाउस नमले होते आणि टेक्ससचे लिऑन जॉवर्स्की नवे विशेष वकील झाले होते. त्यांच्या सनदेला मी सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती म्हणतो. आधीचे कलम तसेच ठेवून एक भर घातली गेली: काँग्रेसच्या आठ नेत्यांची, म्हणजे दोन्ही सभागृहांतले बहुमताचे आणि अल्पमताचे नेते आणि न्यायविषयक समित्यांचे अध्यक्ष व ज्येष्ठ अल्पमत सदस्य यांची, सहमती घेतल्याखेरीज काढायचे नाही. या वेळी राष्ट्राध्यक्षांनाही त्यात गोवले होते. पहिल्या आवृत्तीच्या समासात टीकाकाराने जे लिहिले असते, नेमके तेच संपादकांनी मजकुरात घेतले.

२४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी टेप द्याव्याच लागतील असे सांगितले. त्या निकालाचा विशेषाधिकाराबद्दलचा भाग सगळे उद्धृत करतात. त्याच्या आधीचा भाग सहसा कुणी वाचत नाही. राष्ट्राध्यक्षांचे वकील म्हणत होते की हा सरकारी शाखेतला घरगुती वाद आहे, वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातला. न्यायालयाने त्यात पडू नये. न्यायालयाने नियमाकडे बोट दाखवले. या माणसाला विशेषाधिकाराला आव्हान देण्याचा अधिकार नियमाने दिला आहे, नियम रद्द झालेला नाही, आणि तो आहे तोवर सरकारही त्याने बांधलेले आहे. यादीत गपचूप ठेवलेल्या त्या एका ओळीने दार उघडले. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

अलीकडे अशा सुनावण्या पाहताना एक गोष्ट खटकते. विरोधक गळा काढतात, समर्थक फुले उधळतात, आणि उमेदवार काही न बोलता बोलत राहण्याचा सराव करून आलेला असतो. समर्थकांनीच उमेदवाराला पेचात धरून काही लिहून घेतले, असे दृश्य दिसत नाही. ८२ जणांनी रिचर्डसन यांना नुसते निवडले असते तर त्यांच्या नावाशी आज एवढी आस्था जोडली गेली नसती. सचोटीचे लोक निक्सन यांच्या मंत्रिमंडळात आणखीही होते. पुढच्या कारकिर्दीनेही ती जोडली गेली नसती: रिचर्डसन यांना निक्सन यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी १९७६मध्ये पुन्हा मंत्रिमंडळात घेतले, वाणिज्य खात्यावर. १९८४मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधून स्वतःच सिनेटला उभे राहिले आणि पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले.

या सुनावणीचा वृत्तांत अमेरिकन सरकारने ग्रंथरूपाने छापलेला आहे. कायद्याच्या किंवा राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने तो मिळवून वाचावा. आरंभीची गौरवाची भाषणे गाळली तरी चालतील. २१ मेची बैठक गाळू नये, आणि ती वाचताना सनदेचा मसुदा शेजारी उघडा ठेवावा.